गावच्या पुलासाठी थेट हायकोर्टात जाता येतं का? आणि जायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली एक वस्ती, मधे ओढा, ओढ्यावर पूल नाही, पावसाळ्यात पाणी चढलं की पोरांची शाळा बंद, बाळंतिणीला बाजेवर घालून पलीकडे न्यावं लागतं. कित्येक वर्षं निवेदनं देऊन झाली, एकदा उपोषणही झालं. आता विचारणाऱ्या दादांचं म्हणणं आहे की हायकोर्टाला साधं पत्र पाठवलं तर ते स्वतःहून दखल घेतात असं ऐकलंय, मग पत्र पाठवू का वकील लावू, खर्च किती येईल, आणि मी मागच्या ग्रामपंचायतीला उभा राहून पडलोय तर त्याची अडचण होईल का.

मी औरंगाबाद खंडपीठात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि असे प्रश्न घेऊन येणारी माणसं जवळजवळ दर आठवड्याला भेटतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचा बीड जिल्हा याच खंडपीठाकडे येतो. मराठवाड्याचे आठ, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे इथे आहेत. विदर्भासाठी नागपूर, गोव्यासाठी पणजीजवळ पर्वरी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. हायकोर्ट एकच, १८६२ सालचं मुंबई हायकोर्ट, बसतं वेगवेगळ्या ठिकाणी. १९८१ ला इथे खंडपीठ सुरू झालं त्याआधी आपल्याकडच्या माणसाला एका स्टे साठी मुंबई गाठावी लागायची, म्हणून म्हणतो की हे कोर्ट आपल्या दारात आलंय ही साधी गोष्ट नाही, त्याचा उपयोग करून घ्यावा, पण नीट करून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की कोर्टात जाता येतं का, तर येतं. घटनेच्या कलम २२६ खाली कोणीही जाऊ शकतं आणि गावाचा प्रश्न असेल तर जनहित याचिकाही होते. पण खरी अडचण वेगळी आहे. हायकोर्ट पूल बांधत नाही. हायकोर्ट ज्याचं काम आहे त्या अधिकाऱ्याला उभं करून, शपथेवर, लेखी, सांगायला लावतं की हे काम तू का केलं नाहीस आणि कधी करणार. एवढंच त्याचं हत्यार आहे आणि ते फार मोठं आहे, पण ते चालायला आधी तुमच्या हातात कागद पाहिजे की काम त्याचंच होतं, तुम्ही ते मागितलं होतं, आणि त्याने केलं नाही किंवा उत्तरच दिलं नाही. माझ्या अनुभवात जनहित याचिका कोर्टात कमी आणि गावात जास्त जिंकल्या किंवा हरल्या जातात, म्हणजे याचिका दाखल व्हायच्या आधी गावाने काय कागद जमवलाय त्यावर.

आधी पत्राचं बघू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहे.

पत्रावरून किंवा बातमीवरून कोर्ट स्वतःहून दखल घेतं हे खरं आहे. २०२२ ला सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या बॅकवॉटरमधून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात ही बातमी आली आणि मुंबईला हायकोर्टाने सुओ मोटो, म्हणजे स्वतःहून, याचिका करून घेतली. २०२३ ला आपल्याच भागात, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जात होती, त्याची दखल आपल्या खंडपीठाने घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून जास्त पेशंट दगावले तेव्हा एका वकिलाच्या पत्रावरून मुंबईच्या मुख्य पीठाने विषय हातात घेतला. म्हणजे दार उघडं आहे.

पण रोज किती पत्रं येत असतील याचा विचार करा. त्यांची छाननी होते, बरीचशी पत्रं वैयक्तिक भांडणाची असतात, जमिनीची, बदलीची, शेजाऱ्याची, आणि त्या ढिगात तुमचं पत्र कधी कोणाच्या नजरेला पडेल याची काही खात्री देता येत नाही. दुसरी गोष्ट, सुओ मोटो झालं की ते प्रकरण कोर्टाचं होतं, कोर्ट आपल्या मदतीला एक वकील नेमतं, त्याला अमायकस म्हणतात, तो चांगला असेल तर उत्तम, पण तुमच्या गावाला काय मागायचंय ते तुमच्या हातात पूर्ण राहत नाही. म्हणून माझा सल्ला असा असतो की पत्र पाठवायचं तर जरूर पाठवा, त्यात चूक काही नाही, पण त्याच्या भरवशावर बसू नका, याचिकेची तयारी समांतर सुरू ठेवा. आणि पत्र लिहिलंच तर एक पान, भावनिक मजकूर कमी, सोबत पाणी चढलेल्या ओढ्याचे तारीखवार फोटो, शाळेच्या हजेरीची प्रत, आधीच्या निवेदनांच्या पोचा. आठ पानांचं पत्र कोणी वाचत नाही.

आता तयारी. यात पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, ज्यावर लोक विचारच करत नाहीत, तो हा की तो रस्ता कोणाचा आहे?

राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रत्येक रस्त्याला नंबर असतो, ग्रामीण मार्ग अमुक, इतर जिल्हा मार्ग तमुक. तुमच्या वस्तीच्या रस्त्याला नंबरच नसेल तर तो रस्ता कागदावर रस्ताच नाही, तो पाणंद किंवा गाडीवाट आहे, आणि मग सगळ्यात आधी तो ग्रामीण मार्ग म्हणून घ्यायला लावणं हेच पहिलं काम होतं, पूल त्याच्यानंतर. आणि पाणी जर कुठल्या तलावाचं किंवा धरणाचं फुगवट्याचं असेल तर गोष्ट अजून बदलते, मग जलसंपदा विभाग आणि पाटबंधारे महामंडळ पार्टी, म्हणजे प्रतिवादी, करावं लागतं, आणि पुनर्वसनाचा मुद्दा निघतो. मी अशा याचिका पाहिल्यात की ज्यात सगळा राग कलेक्टरवर काढलाय, कलेक्टर, तहसीलदार, आमदार सगळे पार्टी केलेत आणि ज्याच्याकडे तो रस्ता आहे तो कार्यकारी अभियंताच राहून गेलाय. मग पहिली तारीख पार्टी वाढवण्यात, दुसरी नोटीस लागू होण्यात, आणि पावसाळा निघून जातो.

हे शोधायचं कसं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. जिल्हा परिषद बांधकाम विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज. प्रश्न साधे ठेवा, अमुक गाव ते अमुक वस्ती रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक काय, या ओढ्यावर पुलाचा प्रस्ताव कधी तयार झाला होता का, असल्यास त्याची आणि अंदाजपत्रकाची प्रत द्या, तो कोणाकडे कोणत्या तारखेला पाठवला. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर अपील करा, आणि न आलेलं उत्तरही जपून ठेवा, कोर्टात तेही बोलतं. बऱ्याचदा गंमत अशी निघते की पुलाचं अंदाजपत्रक चार-पाच वर्षांपूर्वीच झालेलं असतं आणि कुठल्यातरी टेबलावर पडलेलं असतं. असा एक कागद हाती लागला ना, की तुमची अर्धी केस उभी राहिली, कारण मग पूल गरजेचा आहे का यावर वादच उरत नाही, सरकारने स्वतःच मान्य केलेलं असतं, प्रश्न उरतो फक्त उशीर का झाला एवढा.

दुसरं निवेदन. तुम्ही म्हणता कित्येक निवेदनं दिली. मी विचारतो पोच कुठंय? तर लोक सांगतात साहेबांना हातात दिलं, फोटो काढलाय, पेपरात आलंय. फोटो चालत नाही दादा. आवक शिक्का, त्यात तारीख आणि आवक नंबर, असलेली प्रत पाहिजे. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि ट्रॅकिंगची प्रिंट लावा. मँडमस, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा आदेश, मागायचा तर साधारण नियम असा आहे की आधी तुम्ही त्या अधिकाऱ्याकडे मागणी केली पाहिजे आणि त्याने ती नाकारली पाहिजे किंवा वाजवी वेळेत उत्तर दिलेलं नसलं पाहिजे. आणि हे निवेदन ज्याचं काम आहे त्यालाच गेलं पाहिजे. मंत्र्यांना दिलेली दहा निवेदनं आणि कार्यकारी अभियंत्याला एकही नाही, अशी फाइल माझ्याकडे आली तर मी आधी एक नवीन, दोन पानी, मुद्देसूद निवेदन द्यायला लावतो, महिना-दीड महिना थांबायला सांगतो आणि मगच याचिका. लोकांना हे वेळकाढूपणा वाटतो, पण आपल्याकडे दफ्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहे, त्यात कुठलीही फाइल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं म्हटलंय, मग तुमचं निवेदन दीड महिना पडून राहिलं हे दाखवता आलं की सरकारी वकिलाला बोलायला जागा कमी राहते.

तिसरं, ग्रामसभेचा ठराव. मिळत असेल तर अवश्य घ्या. ग्रामपंचायत स्वतः याचिकाकर्ती झाली तर फारच चांगलं, मग हेतूवर कोणी बोट ठेवत नाही. पण तुम्ही पडलेले उमेदवार आहात आणि सरपंच समोरच्या पॅनलचा असेल तर ठराव होणार नाही हे मी समजू शकतो, गावोगावी हीच तऱ्हा आहे.

मग तुमच्या त्या काळजीवर येतो. निवडणूक हरल्याने याचिका करायचा हक्क जात नाही. जनहित याचिकांसाठी मुंबई हायकोर्टाचे २०१० चे स्वतंत्र नियम आहेत. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सगळ्या हायकोर्टांना असे नियम करायला सांगितलं होतं, कारण खोट्या, सूड उगवायच्या आणि प्रसिद्धीच्या याचिका फार वाढल्या होत्या. त्यामुळे याचिकेत तुम्ही कोण, काय करता, या विषयात तुमचा वैयक्तिक फायदा काही आहे का, तुमच्यावर किंवा तुमचे दुसरे दावे आहेत का, खर्च कुठून करताय, हे सगळं शपथेवर लिहावं लागतं. तिथे स्पष्ट लिहा की मी अमुक साली निवडणूक लढवली आणि हरलो. लपवलंत आणि समोरच्याने पहिल्याच तारखेला ते पुढे केलं तर पूल बाजूला राहतो आणि तुमच्याच हेतूची चर्चा सुरू होते, कोर्ट खर्च बसवू शकतं, याचिका फेटाळूही शकतं. यापेक्षा चांगला मार्ग मी सुचवतो. ज्यांची पोरं त्या ओढ्यातून जातात असे चार-पाच पालक, त्यात दोन आया असू द्या, याचिकाकर्ते करा. तुम्ही मागे राहून कागद जमवा. मग ती जनहित याचिका म्हणून केली काय किंवा बाधित लोकांची साधी रिट पिटिशन, म्हणजे स्वतःच्या हक्कासाठीची याचिका, म्हणून केली काय, दोन्ही उभं राहतं, आणि रिट असेल तर माझा मुलगा शाळेत जाऊ शकत नाही हे सांगणारी आई स्वतः समोर असते, तिच्या हेतूवर शंका घेणं अवघड असतं.

शाळेचा मुद्दा तर मुख्य करा. पूल मागितला की ते निधीचं आणि प्राधान्याचं प्रकरण होतं, कुठल्या गावाला आधी पूल द्यायचा हे कोर्ट ठरवत नाही, आणि तसं ते ठरवूही नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं कारण तुमच्यासारख्या अनेक वस्त्या आहेत. पण सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण हा कलम २१-अ चा मूलभूत हक्क आहे, आणि आपल्या राज्याच्या आरटीई (शिक्षण हक्क) नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत अशी व्यवस्था आहे. तिथे निधी नाही हे उत्तर चालत नाही. मुख्याध्यापकांकडून जून ते सप्टेंबर महिन्यांची वस्तीवरच्या मुलांची हजेरी माहिती अधिकारात घ्या, ज्या दिवशी ओढ्याला पाणी होतं त्या दिवशी सगळी पोरं एकदम गैरहजर दिसतील. तो तक्ता याचिकेला लावा. त्याच्यासमोर कोणताही युक्तिवाद फिका पडतो.

आता कोर्टात प्रत्यक्ष काय होतं तेही सांगतो, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, शेकड्याने मॅटर असतात, तुमचा नंबर आला की पहिल्या तारखेला मिळतात पाच-सात मिनिटं. न्यायमूर्तींनी फाइल बऱ्याचदा आधी वाचलेली असते, ते थेट मागण्यांचं पान आणि निवेदनांची पानं काढतात. पुढचा प्रश्न सरकारी वकिलांना असतो की हे निवेदन आलंय, त्यावर काय केलं. ते म्हणतात खात्याकडून इन्स्ट्रक्शन्स घेतो, दोन-तीन आठवडे द्या. मग अफिडेव्हिट, म्हणजे सरकारचं शपथपत्र, येतं. त्यात हमखास एक वाक्य असतं, "निधी उपलब्ध झाल्यानंतर सदर काम हाती घेण्यात येईल." गावाकडची माणसं इथे खचतात, त्यांना वाटतं संपलं. इथेच तर काम सुरू होतं. आपण विचारायचं की निधीची मागणी खर्चाच्या कोणत्या हेडखाली, कोणत्या तारखेच्या पत्राने केली, जिल्हा नियोजन समितीपुढे प्रस्ताव ठेवला का, ठेवला नसेल तर का नाही. कोर्टाने हाच प्रश्न ऑर्डरमध्ये लिहिला की खालची फाइल हलायला लागते, कारण पुढच्या अफिडेव्हिटवर सही करणाऱ्याला तारखा द्याव्या लागतात.

वेळेबाबत खोटी आशा देत नाही. मेळघाटातल्या कुपोषणाची याचिका २००७ सालची, ती वर्षानुवर्षं चालत राहिली. मुंबईतल्या खड्ड्यांची सुओ मोटो याचिका २०१३ ची, चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टाने त्यात सांगितलं आणि खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्या असा आदेश यायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. एका पुलाचा प्रश्न एवढा लांबत नाही, पण एका पावसाळ्यात सुटेल असंही समजू नका.

आणि एक धोका. बऱ्याच याचिका पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच "निवेदनावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या" असं सांगून निकाली निघतात. गावात पेढे वाटले जातात, पेपरात कात्रण येतं आणि मग सगळे झोपतात. आठ आठवडे उलटतात, काही होत नाही, आणि दोन वर्षांनी माणूस ती ऑर्डर घेऊन परत माझ्याकडे येतो. न्यायालयाच्या अवमानाची कारवाई एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते, १९७१ च्या कायद्यातच तशी मुदत आहे. म्हणून ऑर्डर हातात पडली की प्रमाणित प्रत काढा, ती स्वतः कार्यकारी अभियंत्याकडे आवक शिक्क्याने द्या, कोर्टाने दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहा, आणि ती संपली की आठवड्यात वकिलाला भेटा. शक्य असेल तर वकिलाला आधीच सांगा की याचिका निकाली न काढता कामाचा अहवाल येईपर्यंत प्रलंबित ठेवायची विनंती करा. कोर्ट मानेलच असं नाही, विषय आणि बेंच यावर ते अवलंबून आहे, पण मागायला हवं.

खर्चाचं सरळ सांगतो. वकिलाची फी माणसागणिक बदलते, गावाच्या प्रश्नाला बरेच वकील कमी फीत किंवा फुकटही उभे राहतात, विचारायला लाजू नका. फीशिवाय टायपिंग, झेरॉक्स आणि भाषांतराचा खर्च येतोच, कारण हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं आणि तुमची मराठी कागदपत्रं भाषांतर करून लावावी लागू शकतात. कोर्ट कधीकधी हेतू खरा आहे का बघायला काही रक्कम जमा करायलाही सांगतं. पण विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. खंडपीठाच्या आवारातच विधी सेवा उपसमितीचं ऑफिस आहे, आधार कार्ड आणि कागदांची फाइल घेऊन तिथे जा. याचिकाकर्त्यांत आया ठेवा म्हणालो त्याचं हेही एक कारण. स्वतः उभं राहून मांडायचं असेल तरी सोय आहे, त्याला पार्टी इन पर्सन म्हणतात, पण आधी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयातल्या, अधिकाऱ्यांची समिती तुमच्याशी बोलून बघते की तुम्हाला नीट मांडता येईल का, आणि इंग्रजीची अडचण असेल तर तो मार्ग मी सुचवणार नाही.

शेवटी वेळ कोणती निवडायची. लोक जुलैत येतात, ओढा भरल्यावर. तेव्हा पूल मागून त्या वर्षी काहीच होऊ शकत नाही. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो, म्हणून माहिती अधिकार आणि निवेदन पावसाळ्यातच उरकून याचिका दिवाळीच्या आसपास दाखल झाली तर नोटीस, अफिडेव्हिट आणि निधीची चर्चा त्या आराखड्याच्या वेळेला जुळते. आणि याचिकेत पुलासोबत एक अंतरिम मागणी नक्की टाका, पूल होईपर्यंत पोरांसाठी काय करणार ती. तात्पुरता साकव, लांबच्या पण सुरक्षित रस्त्याने गाडी, किंवा पाण्याच्या महिन्यांपुरता वस्तीवरच वर्ग आणि शिक्षक, तुमच्याकडे जे जमण्यासारखं असेल ते नेमकं लिहा. हे मिळवायला कोर्टाला कुठलं बजेट हलवावं लागत नाही, त्यामुळे ते लवकर मिळतं.

आज करायचं काम एकच, दोन्ही विभागांना माहिती अधिकाराचा अर्ज. रस्त्याचा नंबर आणि अंदाजपत्रकाचं उत्तर आलं की इथेच लिहा, त्यावरून कोणाला पार्टी करायचं ते सांगतो.